बँकेच्या नावाने आलेला मेल : पत्ता उजवीकडून वाचा

“आपल्या कार्डावरचे ४,८५० रिवॉर्ड पॉइंट आज रात्री १२ वाजता रद्द होतील. ते रोख रकमेत बदलून घेण्यासाठी खालचं बटण दाबा.” वर बँकेचं बोधचिन्ह आणि तोच नेहमीचा रंग. खाली नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत सूचना : “आपला ओटीपी कोणालाही सांगू नका.”

हा मेल बँकेचा नाही, पण डोळ्यांना तसं काहीच जाणवत नाही. कारण तो बहुतेक वेळा बँकेच्याच खऱ्या मेलवरून उतरवलेला असतो. भामटा बँकेचा एखादा जाहिरातीचा मेल घेतो, त्यातला मजकूर थोडा बदलतो आणि एका बटणामागचा दुवा (लिंक) स्वतःचा घालतो. ओटीपी सांगू नका ही सूचना त्या नकलेबरोबर आपोआप येते, आणि वाचणाऱ्याला तीच आश्वस्त करते.

“अशुद्ध भाषा दिसली की मेल खोटा समजावा” हा सल्ला अजूनही जागोजागी दिला जातो. तो आता सोडून द्यायला हवा. यंत्राकडून शुद्ध इंग्रजी आणि बऱ्यापैकी सरळ मराठी लिहून घेणं कोणालाही जमतं. मेलमध्ये तुमचं पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक किंवा कार्डाचे शेवटचे चार आकडे असले, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. अशी माहिती कुठून तरी फुटून बाजारात फिरत असते. मेल दिसतो कसा यावरून निर्णय करायचाच नाही. तो तुम्हाला कुठे न्यायला बघतोय, ते पाहायचं.

पाठवणाऱ्याचं नाव कोणीही लिहू शकतो

टपालाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणाचंही नाव लिहिता येतं. पोस्टमन ते तपासत बसत नाही. ईमेलची मूळ पद्धत १९८२ मध्ये ठरली, तेव्हा तीही अशीच होती : पाठवणाऱ्याने स्वतःचं म्हणून जे नाव लिहिलं, ते पुढे जायचं. तपासणीच्या सोयी नंतर वरून जोडल्या गेल्या.

शिवाय मोबाइलवर मेल उघडला की ठळक अक्षरांत दिसतं ते फक्त नाव. त्यामागचा खरा पत्ता झाकलेला असतो. जीमेलच्या ॲपमध्ये नावाखालच्या ‘टू मी’ शेजारच्या छोट्या बाणावर बोट ठेवलं की पूर्ण पत्ता उघडतो. नाव ‘बँक अलर्ट्स’ आणि पत्ता कुठल्या तरी शाळेच्या किंवा दुकानाच्या हॅक झालेल्या खात्याचा, असं असेल तर पुढे वाचायची गरजच नाही. ‘रिप्लाय टू’ अशी वेगळी ओळ दिसली तर तीही बघा. पाठवणारा एक आणि उत्तर जाणार दुसरीकडेच, ही चांगली खूण नव्हे.

पत्ता वाचायची रीत

इथे मात्र थोडा वेळ द्या, कारण सगळी मेख इथेच आहे.

आपण टपालाचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितो : घर, वाडी, गाव, तालुका, जिल्हा. वाडीला नाव काहीही ठेवता येतं. एखाद्याने नंदुरबारच्या वाडीला ‘पुणे’ नाव दिलं तरी पत्र नंदुरबारलाच जाणार, कारण जिल्हा शेवटी लिहिलाय. संकेतस्थळाचा पत्ता अगदी याच रीतीने बांधलेला असतो. म्हणून तो उजवीकडून वाचायचा.

कुठून सुरुवात करायची? ‘एचटीटीपीएस’ नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर येणारी पहिली तिरकी रेघ शोधा. तिच्या डावीकडे, तिला चिकटून जे आहे, तो जिल्हा. रेघेच्या उजवीकडे काहीही लिहिता येतं, बँकेचं पूर्ण नावसुद्धा. तिकडे बघायचंच नाही.

भारतातल्या बँकांसाठी हा जिल्हा आता नेमका ठरलेला आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक.इन’ या राखीव नावाची घोषणा केली आणि बँकांना त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. या नावाखालचा पत्ता रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, आणि तो फक्त बँकांना मिळतो. साधं ‘.कॉम’ किंवा ‘.इन’ नाव मात्र काही शे रुपयांत कोणालाही विकत घेता येतं. सहकारी बँकाही या व्यवस्थेत आहेत, आणि महाराष्ट्रात घरोघरी सहकारी बँकेचं खातं असल्याने हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. स्टेट बँकेचा पत्ता आता एसबीआय.बँक.इन असा आहे आणि तिचं नेट बँकिंग ऑनलाइनएसबीआय.एसबीआय.बँक.इन वर चालतं (पडद्यावर अर्थात इंग्रजी अक्षरांत). उजवीकडून वाचा : इन, बँक, एसबीआय, आणि मग तिच्या घरातली एक खोली.

आता ‘अबक’ नावाची बँक आहे असं धरू. तिचा खरा पत्ता अबक.बँक.इन. भामटे त्याची नक्कल कशी करतात ते पाहा.

पहिला प्रकार : अबक.बँक.इन.केवायसी-अपडेट.कॉम. डावीकडून वाचणाऱ्याला बँकेचा अख्खा पत्ता दिसतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पुढचं कापलंही जातं. पण जिल्हा आहे केवायसी-अपडेट.कॉम. आधीचं सगळं वाडीचं नाव.

दुसरा : अबक.बँक-इन.कॉम. इथे ‘बँक’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आहे. टिंब म्हणजे कुंपण. रेघ नावाचाच भाग असते.

तिसरा सगळ्यात फसवा : अबकबँक.इन. शेवटी ‘बँक’ आहे आणि ‘इन’ही आहे, पण ‘बँक’च्या आधीचं टिंब गायब. हे साधं ‘.इन’ नाव झालं. ते कोणीही घेऊ शकतो. म्हणून नियम असा : ‘बँक’च्या आधी टिंब, नंतर टिंब, मग ‘इन’, आणि लगेच पत्ता संपला पाहिजे किंवा तिरकी रेघ आली पाहिजे.

चौथ्यात पत्त्याच्या मध्येच ‘@’ हे चिन्ह घुसवलेलं असतं. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेआधी ‘@’ आलं, तर ब्राउझर त्याच्या डावीकडचं सगळं ठिकाण म्हणून धरतच नाही. तो उजवीकडच्या पत्त्यावर जातो.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचाही खेळ चालतो. लहान लिपीतले ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’ वाटतात. लहान ‘एल’, मोठा ‘आय’ आणि एकचा आकडा एकमेकांत मिसळतात. रशियन लिपीतली काही अक्षरं इंग्रजीसारखीच दिसतात. अशी परकी लिपी ओळखली तर ब्राउझर पत्ता बदलून ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा अशा सुरुवातीने दाखवतो. बँकेच्या पत्त्यात ते दिसलं की पान तिथेच बंद करा.

एक अडचण सांगायला हवी. खऱ्या बँकेच्या मेलमधले दुवेही कधी कधी मेल पाठवणाऱ्या कंत्राटदार कंपनीच्या पत्त्यावरून फिरून जातात, आणि काही मेल बँकेच्या जुन्या पत्त्यावरून येऊ शकतात. त्यामुळे ‘बँक.इन’ दिसलं नाही म्हणजे मेल खोटाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यावर तोडगा एकच : मेल खरा असो वा खोटा, त्यातल्या दुव्यावरून लॉगिन करायचं नाही. बँकेचं ॲप स्वतः उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा. पॉइंट खरंच संपत असतील तर ते तिथेही दिसतील.

दुवा न उघडता बघायचा कसा

संगणकावर बटणावर माउस नुसता नेऊन ठेवला, दाबला नाही, की ब्राउझरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर बटण दाबून धरलं की पत्ता आणि ‘कॉपी’चा पर्याय येतो. तो कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा आणि वर सांगितल्याप्रमाणे उजवीकडून वाचा. निळ्या अक्षरांत छापलेला पत्ता आणि त्यामागचा दुवा वेगवेगळे असू शकतात. अक्षरं फक्त वरचं वेष्टन.

पानावर कुलूप दिसतं म्हणजे पान सुरक्षित, हा समज फार खोल रुजलाय. कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. समोर भामटाच बसला असेल, तर त्याच्यापर्यंत तुमचा पासवर्ड अगदी सुरक्षितपणे पोचतो. कुलपाचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलपाचं चित्र काढून टाकलं.

जोडलेल्या फायलींचं वेगळं प्रकरण आहे. बँकेचं खरं स्टेटमेंट साधारणपणे पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये येतं, आणि पासवर्ड कसा बनवायचा याचं सूत्र मेलमध्ये असतं : नावाची अमुक अक्षरं, जन्मतारखेचे अमुक आकडे. प्रत्यक्ष पासवर्ड लिहिलेला नसतो. खोट्या मेलमध्ये झिप फाइल आणि तिचा पासवर्ड दोन्ही एकत्र येतात, कारण पासवर्ड लावला की मेल कंपनीच्या व्हायरस तपासणीला आतलं दिसत नाही. एचटीएमएल फाइल जोडलेली असेल तर ती उघडूच नका. ती तुमच्याच संगणकावर बँकेसारखं पान मांडते, त्यामुळे पत्त्याच्या पट्टीत संशयास्पद असं काही दिसतही नाही, आणि भरलेली माहिती भामट्याकडे जाते. क्यूआर कोड असलेली पीडीएफ हा याचाच भाऊ : दुवा चित्रात लपवला की तपासणीतून निसटतो, आणि तुम्ही तो संगणकावरून उचलून मोबाइलवर उघडता. एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) तर बँक मेलने पाठवत नाही. बँकेचं ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्यायचं.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबून ‘शो ओरिजनल’ उघडावं. वर तीन ओळी दिसतात. एसपीएफ सांगतं की हा मेल त्या पत्त्याने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरून आला का. डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्याची डिजिटल सही. डीमार्क या दोन्हींची सांगड तुम्हाला दिसणाऱ्या पत्त्याशी घालतं. बँकेच्या पत्त्यापुढे डीमार्क ‘फेल’ असेल तर मेलवर विश्वास ठेवू नका. पण ‘पास’चा अर्थ नीट समजून घ्या : मेल त्या पत्त्यावरूनच आलाय, एवढंच त्यातून कळतं. तो पत्ता बँकेचा आहे हे कळत नाही. भामट्याने स्वतःचं नाव विकत घेऊन सगळं रीतसर लावलं, तर त्याच्या मेललाही तिन्ही ठिकाणी ‘पास’ मिळतो.

“२४ तासांत केवायसी करा, नाहीतर खातं बंद”

या धमकीला एवढी माणसं बळी पडतात, कारण खरी पद्धत माहीत नसते. केवायसीचं नूतनीकरण जोखमीच्या गटानुसार ठरतं : कमी जोखमीच्या ग्राहकासाठी १० वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीसाठी ८, जास्त जोखमीसाठी २. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीन सूचना द्यायच्या आहेत, आणि त्यातली किमान एक कागदी पत्राने. मुदत उलटून गेल्यावरही तशीच तीन स्मरणपत्रं. माहितीत काही बदल नसेल तर ग्राहकाचं साधं स्वयंघोषणापत्र पुरतं. ते एटीएम, नेट बँकिंग, नोंदणीकृत मेल किंवा पत्राने देता येतं. बँकेच्या कुठल्याही शाखेत जाऊनही केवायसी होतं. यात कार्डाचा सीव्हीव्ही, पिन किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड कोणालाही सांगावा लागत नाही. घरच्या ज्येष्ठांना एवढं जरी समजावून सांगितलं तरी या प्रकारच्या मेलची अर्धी धार जाते.

आता ओटीपी. “ओटीपी तर बँकेच्याच नावाने आला, म्हणजे पान खरं असणार” हा तर्क फार लोकांचा घात करतो. घडतं ते असं : तुम्ही खोट्या पानावर आयडी आणि पासवर्ड भरता. पलीकडचा माणूस किंवा त्याचा प्रोग्राम त्याच क्षणी ते खऱ्या बँकेच्या पानावर टाकतो. खरी बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते. तो तुम्ही खोट्या पानावर भरता, आणि मुदत संपण्याच्या आत तो पलीकडे वापरला जातो. मग पान म्हणतं, “ओटीपी चुकला, पुन्हा टाका.” तो चुकलेला नसतो. दुसरा ओटीपी दुसऱ्याच व्यवहारासाठी हवा असतो. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पान तपासण्याची युक्तीही इथे चालत नाही, कारण पलीकडचा प्रोग्राम खऱ्या बँकेला विचारूनच ‘चूक’ असं सांगतो.

म्हणून ओटीपीच्या संदेशातले सहा आकडे उचलण्याआधी पूर्ण वाक्य वाचा. नवा लाभार्थी जोडण्यासाठी, अमुक दुकानात ₹४९,९९९ देण्यासाठी, पासवर्ड बदलण्यासाठी, असं काहीतरी त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही पॉइंट घ्यायला बसलात आणि संदेश लाभार्थी जोडायचं म्हणतोय, तर तिथेच थांबा. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर अजून एक चांगली राखण मिळते : तो पत्ता अक्षरशः जुळला तरच पासवर्ड भरतो. नेहमीच्या बँकेच्या पानावर त्याने भरायला नकार दिला, तर स्वतः टाइप करण्याआधी पत्ता पाहा.

हात लागलाच असेल तर

मेल नुसता उघडला, तर सहसा नुकसान होत नाही. दुवा दाबला पण काही भरलं नाही, तर पान बंद करा आणि काही डाउनलोड झालं असेल तर न उघडता पुसून टाका. पासवर्ड भरला असेल तर बँकेच्या ॲपमधून तो ताबडतोब बदला आणि बँकेला कळवा. तोच पासवर्ड मेललाही असेल तर तोही बदला. त्यासोबत जीमेलच्या सेटिंगमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग जरूर तपासा. बँकेचे इशारे परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर भामटे तिथे लावून ठेवतात, आणि पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तसाच राहतो. एपीके टाकून बसला असाल तर फोन विमान मोडवर टाका आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

ओटीपी गेला किंवा पैसे गेले, तर दोन फोन लगेच करायचे. एक बँकेला, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर. मेलमधल्या किंवा गूगलवर शोधलेल्या क्रमांकावर नाही. कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. दुसरा १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर. घरात दोघं असाल तर एकाच वेळी करा. चोरीचे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून एकामागून एक पुढे सरकतात, आणि वाटेतल्या एखाद्या खात्यात ते अजून पडून असतील तरच गोठवता येतात. फोन करताना बँकेचं नाव, खाते किंवा कार्ड क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयसाठी तो १२ आकडी असतो) हाताशी ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. पोलिसांना दाखवेपर्यंत मेल पुसू नका. स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. ‘शो ओरिजनल’मधून मूळ फाइल उतरवून ठेवा. मेल कुठून निघाला याच्या खुणा त्यातच असतात.

नुकसान कोणाचं, याबद्दलचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास भार शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नेहमीच्या बचत खात्यासाठी कमाल ₹१०,०००. पण स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. फिशिंगची, म्हणजे अशा खोट्या मेलने केलेल्या फसवणुकीची, बहुतेक प्रकरणं बँका याच खान्यात बसवू पाहतात. त्यामुळे कळवल्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे, असं त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. बँकेच्या उत्तरात नुसतं “ओटीपी वापरला गेला” एवढंच असेल, तर त्या कलमाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.